उडवण्याआधी तीस पावलं चाला: आरसी विमानाची रेंज टेस्ट का आणि कशी करायची

आधी एक छोटा प्रयोग करा. ब्लूटूथ इअरफोन लावा, फोन पॅन्टच्या मागच्या खिशात टाका आणि मोठ्या मोकळ्या मैदानात जाऊन गाणं ऐका. मग फोन दुसऱ्या बाजूच्या खिशात टाकून ऐका. बऱ्याच जणांना एका खिशात गाणं छान ऐकू येईल आणि दुसऱ्या खिशात मध्येच तुटेल. अंतर तेच, जेमतेम एक मीटर. फरक एवढाच, की मध्ये तुमचं शरीर आलं. आपल्या अंगात भरपूर पाणी असतं आणि ते २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतं. घरात भिंतींवरून लहरी परावर्तित होऊन वळसा घालून पोचतात, म्हणून घरात हा प्रकार तितका जाणवत नाही.

रिमोटवर उडणारं मॉडेल विमान, म्हणजे आरसी विमान, याच २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं. गाणं अर्धा सेकंद तुटलं तर आपण फोन झटकतो. विमानाचा संपर्क चार सेकंद तुटला तर काय होतं, ते मी पाहिलंय.

माझी चूक

माझं दुसरं विमान फोमचं होतं. पंख वर असलेलं ट्रेनर, पंखांची लांबी १.२ मीटर, बॅटरीसकट वजन साधारण ९०० ग्रॅम. एकदा उतरवताना त्याची बॉडी मधोमध तडकली. मी ती चिकटवली आणि मजबुतीसाठी आतून कार्बन फायबरची दांडी बसवली. रिसीव्हरच्या दोन्ही ॲन्टेना इकडेतिकडे लोंबत होत्या, त्या व्यवस्थित दिसाव्यात म्हणून दांडीलगत टेपने चिकटवून टाकल्या. काम इतकं सफाईदार झालं होतं की मी त्याचा फोटोही काढून ठेवला.

पुढच्या रविवारी आम्ही मावळात गेलो. भात कापून झालं होतं, खाचरं कोरडी होती. पोचायला उशीर झाला, उजेड कमी व्हायला लागला होता आणि मित्र म्हणाला, "चल ना, दोन राउंड मारू आणि निघू." मी कंट्रोल हलवून बघितले, सगळं हलत होतं. उडवलं.

पहिला राउंड मस्त गेला. दुसऱ्या राउंडला विमान दीडएकशे मीटरवर असताना मी ते वळवलं आणि ते वळलं, पण सरळ होईना. स्टिक ओढतोय, काही नाही. मोटर मात्र तशीच चालू. बांधापलीकडे पेंढ्याची उडवी रचलेली होती, विमान तिच्यात जाऊन घुसलं. आम्ही धावत पोचलो तर उडवीच्या आडोशाला एक आजी बसलेल्या होत्या. त्यांचा मुलगा बाजूलाच उभा होता. तो ओरडला नाही. फक्त म्हणाला, "पोरा, म्हातारी बसली होती की इथं. बघितलं नाहीस का?"

मी घरी येऊन हिशेब केला. ९०० ग्रॅमची वस्तू ताशी ४० किलोमीटरने आदळते तेव्हा तिच्यात सुमारे ५५ ज्यूल ऊर्जा असते. क्रिकेटचा लेदर बॉल ताशी ९५ किलोमीटरने टाकला तर जवळपास तेवढीच. बॉलला पुढे फिरता पंखाही नसतो.

विमान खेळणं आहे असं आपण म्हणतो, कारण ते आपल्या हातात असतं तेव्हा खेळण्यासारखंच वाटतं.

मुंग्या दिसत नाहीत, हीच अडचण

घरातल्या मोठ्यांना जुन्या टीव्हीबद्दल विचारा. दूरदर्शनच्या काळात गच्चीवरची ॲन्टेना हलली की पडद्यावर मुंग्या यायच्या. चित्र खराब व्हायचं, पण दिसायचं. सिग्नल कमी होतोय हे आधीच कळायचं. आताच्या डिश टीव्हीवर पाऊस सुरू झाला तरी चित्र लख्ख असतं, लख्ख असतं, आणि मग एकदम चौकोन होऊन थिजतं.

आरसीमध्येही हाच बदल झाला. २००५ च्या आसपासपर्यंत बहुतेक शौकीन अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्झवर आणि ब्रिटनमध्ये ३५ मेगाहर्ट्झवर उडवायचे. रिमोटला लांब ओढायची ॲन्टेना असायची आणि विमानाच्या शेपटापर्यंत एक वायर. दोघांनी एकच चॅनेल लावलं तर दोघांची विमानं खाली. म्हणून मैदानावर एक फळी असायची, तिच्यावरची आपल्या चॅनेलची चिमटी उचलल्याशिवाय रिमोट चालू करायचा नाही असा नियम. ती पद्धत कटकटीची होती, पण एक सोय होती: सिग्नल कमी पडायला लागला की सर्व्हो थरथरायचे. सर्व्हो म्हणजे विमानाच्या पट्ट्या हलवणारी छोटी मोटर. थरथर दिसली की माणूस विमान जवळ आणायचा.

२.४ गिगाहर्ट्झने चॅनेलची भांडणं संपवली. रिमोट आणि रिसीव्हर एकमेकांना बाइंड असतात, बरेच सेट सतत फ्रीक्वेन्सी बदलत राहतात, त्यामुळे एकाच मैदानावर कितीतरी जण एकत्र उडवू शकतात. भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा ठरावीक ताकदीच्या मर्यादेत परवान्याशिवाय वापरायला २००५ मध्ये मोकळा झाला. तुमचं वायफाय, ब्लूटूथ आणि विमान सगळे त्याच पट्ट्यात राहतात. पण मुंग्या गेल्या. पॅकेट पोचतंय तोवर विमान शंभर टक्के ऐकतं आणि पोचणं थांबलं की एकदम बहिरं होतं. हातात रिमोट धरून "आता सिग्नल अर्धा उरला" असं जाणवत नाही.

म्हणून ती कड जमिनीवरच शोधावी लागते. रेंज टेस्ट म्हणजे तेवढंच.

रेंज मोड काय करतो

एक किलोमीटर दूर चालत जाऊन तपासणं शक्य नसतं. त्यामुळे बहुतेक चांगल्या रिमोटमध्ये एक रेंज मोड असतो, जो रिमोटची ताकद मुद्दाम पाडतो. फ्रस्कायच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं की या मोडमध्ये अंतर तीसपट कमी होतं. म्हणजे ३० मीटरवर चाललं तर पूर्ण ताकदीवर साधारण ९०० मीटर. स्पेक्ट्रमच्या पुस्तिकांमध्ये तीस पावलं, म्हणजे सुमारे २८ मीटर, हा आकडा येतो. तुमच्या रिमोटचा आकडा वेगळा असू शकतो, पुस्तिका उघडून बघाच. पीडीएफ फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, मैदानावर नेट मिळेलच असं नाही.

अंतर तीसपट कमी करायचं तर ताकद किती पाडावी लागते? तीसपट वाटेल, पण नाही. लहरी पसरत जातात, दुप्पट अंतरावर त्या चौपट पातळ होतात. म्हणून ताकद तीस गुणिले तीस, म्हणजे ९०० पट कमी करावी लागते. हॉबीच्या बऱ्याच रिमोटची ताकद १०० मिलिवॉटच्या आसपास असते. रेंज मोडमध्ये ती ०.१ मिलिवॉटच्या जवळ येते.

आता कोणी म्हणेल, मला ९०० मीटर हवेतच कशाला? बरोबर आहे. १.२ मीटरचं विमान तीनशे मीटरपलीकडे गेलं की ते माझ्याकडे येतंय की लांब जातंय हेच मला कळत नाही. पण ही वरची शिल्लक उडताना खर्च होते. फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सिग्नल डीबीएममध्ये दिसतो ना, उणे ८५ वगैरे, तेच माप इथेही लागू. ६ डेसिबल गेले की अंतर निम्मं होतं. ९०० मीटरची क्षमता असताना ३०० मीटरवर उडवलं तर हातात साडेनऊ डेसिबल शिल्लक असतात. विमानाने वळण घेतलं, बॅटरी आणि मोटर मध्ये आली, ॲन्टेनाचं टोक नेमकं तुमच्याकडे झालं, की ही शिल्लक एका वळणात संपू शकते.

ॲन्टेनाचं टोक हा मुद्दा नवशिक्यांना उलटा वाटतो. आपण टीव्हीचा रिमोट टीव्हीवर रोखतो, म्हणून विमानाच्या रिमोटचीही ॲन्टेना विमानावर रोखतो. पण साध्या काडीसारख्या ॲन्टेनाच्या टोकातून सगळ्यात कमी सिग्नल निघतो, बाजूंनी सगळ्यात जास्त. म्हणून ती आडवी किंवा उभी ठेवा, भाल्यासारखी रोखू नका. रिसीव्हरला दोन ॲन्टेना असतील तर त्या काटकोनात ठेवतात, म्हणजे एकीचं टोक तुमच्याकडे झालं तरी दुसरीची बाजू असते. ॲन्टेनाच्या पातळ वायरमध्ये खरं काम करणारा भाग फक्त शेवटचा ३१ मिलिमीटरचा असतो, बाकीची नुसती पोचवणारी केबल. तो तुकडा कार्बन फायबर, बॅटरी आणि धातूपासून लांब हवा. मी नेमका तोच कार्बनला चिकटवला होता, कारण कार्बन फायबर या लहरी अडवतं हे मला माहीतच नव्हतं.

प्रत्यक्ष टेस्ट

पहिल्यांदा करताना प्रॉपेलर काढून ठेवा. यावर वाद घालू नका, बोटं दहाच असतात.

आधी रिमोट चालू, मग विमानाची बॅटरी. (बंद करताना उलटं: आधी विमान, मग रिमोट.) दोन्ही बॅटऱ्या चार्ज केलेल्या हव्यात. विमान जमिनीवर ठेवू नका. प्लॅस्टिकच्या स्टुलावर किंवा लाकडी बाकावर, निदान दोन फूट उंच ठेवा. लहर सरळ रेषेतल्या दोऱ्यासारखी जात नाही, तिला भोवती जागा लागते. तीस मीटर अंतर असेल तर मधोमध ही जागा जवळपास एक मीटर त्रिज्येची असते. विमान गवतात ठेवलं तर जमीन ती खाते आणि तुम्हाला उगाच वाईट आकडा मिळतो. गाडीच्या बॉनेटवरही नको, तो पत्रा आहे.

फोनचा हॉटस्पॉट बंद करा, मित्राचाही. फोन रिसीव्हरच्या शेजारी ठेवू नका. जिओ आणि एअरटेलचं ४जी २३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातही चालतं आणि तो आपल्या पट्ट्याच्या अगदी शेजारी आहे. फोन खिशात असणं वेगळं आणि रिसीव्हरला टेकून असणं वेगळं.

मग रेंज मोड लावा आणि विमानाकडे तोंड करून मागे चालत जा, किंवा पावलं मोजत जाऊन वळा. एलेव्हेटर सतत, एका लयीत वर-खाली करत राहा. मित्र विमानाजवळ उभा राहून बघेल. त्याला नुसतं "हलतंय का" असं सांगू नका, कारण हलतच असतं. त्याने बघायचं ते अडखळणं: लय तुटली, पट्टी क्षणभर थांबली आणि मग एकदम उडी मारून पुढे गेली, की हात वर करायचा. तीच कड. तिथे किती पावलं झाली ते लक्षात ठेवा.

एकटे असाल तर फोन उपयोगी पडतो. फोन फ्लाइट मोडवर टाका, विमानापासून दोन-तीन मीटरवर टेकवून व्हिडिओ चालू करा आणि चालताना दर पाच पावलांनी मोठ्याने आकडा ओरडा. नंतर व्हिडिओत आकडाही ऐकू येतो आणि पट्टीही दिसते. आजूबाजूचे लोक बघतात, बघू देत.

तीस पावलांवर सगळं नीट चाललं तरी थांबू नका. मित्राला विमान फिरवायला सांगा: नाक तुमच्याकडे, शेपूट तुमच्याकडे, दोन्ही बाजू, पंख तिरका. मग तुम्ही स्वतः पाठ फिरवा, म्हणजे रिमोट पोटापाशी आणि मध्ये तुमचं अंग. पाठ फिरवून संपर्क तुटला तर लगेच घाबरू नका, ती सगळ्यात वाईट स्थिती आहे आणि विमान डोक्यावरून मागे गेलं तरी आपण वळतोच. पण विमानाच्या एकाच बाजूला संपर्क तुटत असेल तर आत काहीतरी आड येतंय.

यानंतरचा भाग लोक हमखास गाळतात. प्रॉपेलर लावा, मित्राने विमान मागून घट्ट धरावं, प्रॉपेलरच्या रेषेत कोणीही नको, आणि मोटर अर्ध्या थ्रॉटलवर चालवून तीच पावलं पुन्हा मोजा. एकदोन पावलांचा फरक चालतो. पण मोटर बंद असताना ३२ आणि चालू असताना १८ असा आकडा आला, तर मोटरला वीज देणारा ईएससी गोंगाट करतोय किंवा रिसीव्हरला पुरेसा व्होल्टेज मिळत नाहीये. सगळ्या स्टिक एकदम हलवून बघा. सर्व्होंनी एकाच वेळी करंट ओढला आणि रिसीव्हरचा लाइट विझून परत लागला, तर प्रश्न रेंजचा नाहीच, विजेचा आहे. "सिग्नल गेला" म्हणून पाडलेल्या विमानांमध्ये अशी बरीच असतात, असं माझं मत आहे.

रिमोटवर ओपनटीएक्स किंवा एजटीएक्स असेल तर रेंज मोडच्या स्क्रीनवर आरएसएसआयचा आकडा दिसतो. फ्रस्कायसाठी सुरुवातीला ४५ ला पहिला इशारा आणि ४२ ला गंभीर इशारा ठरवलेला असतो. हे इशारे बंद करू नका, बोलणारा रिमोट कटकट वाटतो तरीसुद्धा. ज्या स्वस्त रिमोटमध्ये रेंज मोडच नाही, त्यांच्यासाठी मला एकच उपाय माहीत आहे: पूर्ण ताकदीवर, मित्र विमानापाशी ठेवून, उडवायचं असेल त्याच्या दुप्पट अंतरापर्यंत खरोखर चालत जाणं. तंगडतोड आहे.

रिमोट बंद करून बघा

संपर्क गेलाच तर विमानाने काय करावं, हे आधी ठरवून ठेवायचं असतं. याला फेलसेफ म्हणतात. काही रिसीव्हर न सांगता शेवटची आज्ञा धरून ठेवतात. थ्रॉटल साठ टक्के होता तर साठ टक्केच. माझं विमान मोटर चालू ठेवून उडवीपर्यंत गेलं ते याच कारणाने. मी फेलसेफ कधी लावलाच नव्हता. थ्रॉटल शून्य, हे किमान.

तपासायला प्रॉपेलर काढा, मोटर थोडी चालू ठेवा आणि रिमोट सरळ बंद करा. मोटर एकदोन सेकंदांत थांबली पाहिजे. थांबली नाही तर त्या दिवशी उडवणं नाही. रिसीव्हर पुन्हा बाइंड केल्यावर फेलसेफ नव्याने तपासा, कारण काही सेटमध्ये तो बाइंड करतानाच ठरतो.

आणि हो, टेस्ट झाली की रेंज मोड बंद करायचा. काही रिमोट हा मोड थोड्या वेळाने स्वतः बंद करतात, सगळे नाही. ०.१ मिलिवॉटवर उड्डाण केलेले लोक आहेत. त्यांची विमानं फार लांब जात नाहीत.

कधी करायची? नवीन विमान, पडल्यानंतरची दुरुस्ती, आत कॅमेरा किंवा जीपीएस बसवला, नवीन जागा: प्रत्येक वेळी. शिवाय दर दिवशी पहिल्या उड्डाणाआधी, मग काहीही बदललेलं नसलं तरी. पाच मिनिटं लागतात. जागेवरून आठवलं, ड्रोन नियम २०२१ मध्ये मॉडेल विमानांचाही विचार केलेला आहे, आणि ती नजरेच्या टप्प्यातच उडवायची असतात. घरातून निघण्याआधी डिजिटल स्कायच्या नकाशावर तुमचं मैदान लाल किंवा पिवळ्या पट्ट्यात नाही ना ते बघून घ्या. विमानतळ आणि हवाई दलाच्या तळांभोवती तर नक्कीच.

आकडा लिहून ठेवा

उडवीतून काढलेलं विमान मी दुरुस्त केलं, पण ॲन्टेना आधी मुद्दाम तशाच ठेवल्या, कार्बनच्या दांडीला चिकटलेल्या, आणि रेंज मोड लावून चाललो. नाक माझ्याकडे असताना ३० पावलं सहज. मित्राने विमान वळणातल्यासारखं तिरकं धरलं आणि आठव्या पावलाला पट्टी थांबली. आठ पावलं म्हणजे सहा मीटर, गुणिले तीस म्हणजे १८० मीटर. संपर्क तुटला होता ती जागा मी फोनच्या नकाशावर मोजली होती, साधारण तेवढीच. पाच मिनिटांची टेस्ट आदल्या रविवारी केली असती तर हा आकडा मला विमान वर जाण्याआधी मिळाला असता.

मग ॲन्टेना काढून पंखाखाली स्ट्रॉच्या तुकड्यांमध्ये काटकोनात बसवल्या. त्याच तिरक्या स्थितीत ३४ पावलं.

तेव्हापासून बॅटरीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागदी टेपवर मी दोन आकडे लिहून ठेवतो, मोटर बंद आणि मोटर चालू. खरं सांगायचं तर तीस या आकड्यापेक्षा मला ते दोन आकडे जास्त उपयोगी पडतात. पावलं माझी, मित्र तोच, स्टूल तोच. त्यामुळे आज आकडा का बदलला, हा प्रश्न लगेच पडतो.

गेल्या महिन्यात टेपवर ३४ आणि ३१ होतं आणि मैदानावर २१ आलं. पुन्हा चाललो, पुन्हा २१. विमान उघडून बघितलं तर एका ॲन्टेनाची केबल झाकणाच्या कडेखाली चिरडली होती, वरचं आवरण फाटून आतली जाळी दिसत होती. सर्व्हो मात्र हातात धरल्यावर अगदी झकास हलत होते. नवीन ॲन्टेना जवळ नव्हती. आम्ही डबे खाल्ले, मित्राचं विमान दोनदा उडवलं आणि घरी आलो.